एका पुड्याचा हिशेब: मीठ, जकात आणि रक्तदाब

पंगतीत पाने मांडली की सर्वांत आधी वाढले जाते ते मीठ. पानाच्या वरच्या बाजूला, लिंबाच्या फोडीशेजारी, चिमूटभर. पुढे जिलबीचा आग्रह होतो, पुरणपोळीचा होतो, पण मिठाचा आग्रह कुणी कुणाला करत नाही आणि ते अजिबात नको असेही सहसा कुणी म्हणत नाही. श्रीमंताला परवडते म्हणून तो दुप्पट मीठ खात नाही, आणि गरिबाला परवडले नाही तरी त्याला ते सोडता येत नाही. मिठावरच्या जकाती, मिठाचे सत्याग्रह, मिठात घातले जाणारे आयोडीन आणि आजची रक्तदाबाची काळजी या वरवर वेगळ्या दिसणाऱ्या गोष्टी मला या एकाच वस्तुस्थितीच्या फांद्या वाटतात. त्या तशा का आहेत, हे समजून घेण्यासाठी आधी शरीरात मीठ नेमके काय करते ते पाहावे लागेल.

खाण्याचे मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. त्याच्या वजनात सुमारे ४० टक्के सोडियम आणि उरलेले क्लोरीन असते, म्हणून ५ ग्रॅम मिठात २ ग्रॅम सोडियम आहे असे धरायला हरकत नाही. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर बहुधा सोडियमचाच आकडा छापलेला असतो. तो दिसायला लहान असल्यामुळे आपली फसगत होते, पण त्याला अडीचने गुणले की मिठाचा खरा आकडा हाती येतो.

आपल्या शरीरातील पाणी दोन कप्प्यांत विभागलेले असते: पेशींच्या आतले आणि पेशींच्या बाहेरचे. बाहेरच्या पाण्यात, म्हणजे रक्तात आणि पेशींभोवतीच्या द्रवात, सोडियम पुष्कळ असते, तर आतल्या पाण्यात पोटॅशियम. ही विभागणी आपोआप टिकत नाही. पेशीच्या आवरणातले अतिसूक्ष्म पंप दर खेपेला सोडियमचे ३ आयन बाहेर टाकतात आणि पोटॅशियमचे २ आयन आत घेतात, आणि हे काम रात्रंदिवस चालू असते. त्यामुळे आवरणाच्या दोन बाजूंमध्ये किंचित विद्युतदाब तयार होतो. तव्याचा चटका बसताच बोट मागे येते, तेव्हा मज्जातंतूवरून धावलेला निरोप म्हणजे ठिकठिकाणी सोडियमची दारे उघडून ते आत घुसण्याची एक लाट असते. हृदयाचा प्रत्येक ठोका याच देवघेवीवर चालतो. मिठातला दुसरा घटक क्लोराइड जठरातील आम्ल तयार करण्याच्या कामी येतो.

सोडियम शरीराला बनवता येत नाही, ते खाऊनच मिळवावे लागते, आणि म्हणूनच मूत्रपिंडे त्याच्या बाबतीत कमालीची कंजूष असतात. निरोगी माणसाची मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्या द्रवाबरोबर जवळजवळ दीड किलो मीठ गाळणीतून उतरते आणि त्यातले ९९ टक्क्यांच्या आसपास पुन्हा रक्तात ओढून घेतले जाते. मीठ दुर्मीळ असलेल्या जगात घडलेले हे यंत्र आहे, याची आठवण लेखाच्या शेवटी पुन्हा काढावी लागेल.

सोडियमची किंमत सर्वांत स्पष्ट दिसते ती जुलाबात. पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, रुग्णाचा जीव जातो तो शरीरातील पाणी आणि क्षार वाहून गेल्यामुळे. नुसते पाणी पाजून उपयोग होत नाही, कारण आजारी आतड्यात ते पुरेसे शोषलेच जात नाही. मात्र आतड्याच्या अस्तरात सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीने आत घेणारी एक वाट असते आणि ती पटकीतही शाबूत राहते. ही जोडी आत गेली की पाणी तिच्या मागोमाग जाते. हे तत्त्व १९६० च्या दशकात प्रयोगशाळेत माहीत झाले होते, पण त्याची खरी कसोटी १९७१ मध्ये पश्चिम बंगालच्या सीमेवरील बनगावच्या निर्वासित छावणीत लागली. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा या प्रमाणात द्रावण तयार करवून घेतले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला सांगितले. ३० टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्याही खाली आले. आज औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ओआरएसच्या पुडीमागे ही कहाणी आहे. पुडी मिळालीच नाही तर एक लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हे प्रमाण सांगितले जाते. मीठ अंदाजाने जास्त पडले तर लहान मुलाला त्याचा अपायच होतो, म्हणून इथे चमचा सपाट हवा आणि शक्यतो पुडीच वापरावी.

शिकारीवर जगणाऱ्या माणसाला प्राण्यांच्या मांसातून आणि रक्तातून पुरेसे सोडियम मिळत असे. धान्य आणि भाजीपाला यांत मात्र ते फार थोडे असते. माणूस शेती करू लागला, भाकरी हे त्याचे मुख्य अन्न झाले आणि मीठ बाहेरून आणण्याची गरज वाढली. शिवाय मिठाला दुसरे एक मोठे काम मिळाले, ते म्हणजे अन्न टिकवण्याचे. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आधीच घालून ठेवले तर जेवायला बसेपर्यंत वाडग्यात पाण्याचे तळे होते, हे प्रत्येक स्वयंपाकघराला माहीत आहे. मिठाने काकडीच्या पेशींतले पाणी बाहेर ओढलेले असते. लोणच्याच्या बरणीत किंवा खारवलेल्या बांगड्यात मीठ हेच करते, फक्त तिथे ते मासळीतले पाणी तर काढतेच, पण अन्न कुजवणाऱ्या जिवाणूंनाही कोरडे पाडते. बर्फ आणि फ्रीज नसलेल्या काळात समुद्राची मासळी घाटावरच्या बाजारापर्यंत पोहोचायची ती वाळून किंवा मिठातून.

हे मीठ यायचे कुठून, ते कोकणच्या किनाऱ्यावर आजही पाहता येते. उरण, पेण, वसई, भाईंदर, मुलुंड, वडाळा या पट्ट्यात मिठागरे होती आणि त्यांतली काही अजून आहेत. आगरी समाजाचे नाव ‘आगर’ या शब्दाशी जोडले जाते, आणि गोव्यातल्या आगरवाडोसारख्या गावांची नावेही त्याचीच आठवण देतात. पावसाळा सरला की बांधबंदिस्ती करून, जमीन चोपून घट्ट केली जाते आणि भरतीचे पाणी उथळ वाफ्यांत घेतले जाते. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ऊन आणि वारा यांनी पाणी आटू लागले की आधी चुना आणि जिप्सम तळाशी बसतात. पाणी मूळच्या साधारण एक दशांश उरले की मिठाचे स्फटिक धरू लागतात, आणि मीठ काढून घेतल्यावर मागे राहते ते मॅग्नेशियमचे क्षार असलेले कडवट पाणी. या क्रमातच कारागिराचे कसब असते: मीठ धरण्याच्या आत पाणी पुढच्या वाफ्यात सोडायचे आणि कडवटपणा बसण्याच्या आत मीठ ओढून घ्यायचे. आगरातल्या जाड मिठाला श्रावणात पाणी सुटते, कारण त्याला थोडे मॅग्नेशियम चिकटून राहिलेले असते आणि ते हवेतला ओलावा खेचते. मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकण्याची आजीची युक्ती त्याच ओलाव्यासाठी होती.

(जाता जाता एक गंमत. ‘मीठ’ हा शब्द संस्कृत ‘मिष्ट’ या शब्दावरून आला, आणि त्याच शब्दावरून हिंदीत ‘मीठा’ म्हणजे गोड झाले. खारट पदार्थाला गोडाचे नाव देण्यात मराठीला गुजरातीची सोबत आहे.)

मीठ किनाऱ्यावर पिकते आणि खाणारे सगळीकडे असतात, म्हणजे त्याची वाहतूक ठरावीक वाटांनी आणि घाटांनीच होणार. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून लमाणांचे तांडे मीठ वर नेत आणि धान्य खाली आणत. ‘लमाण’ हा शब्दच ‘लवण’ या शब्दावरून आला असे मानले जाते. वाटा ठरलेल्या, गिऱ्हाईक ठरलेले, आणि भाव वाढला तरी खप फारसा कमी होण्याची शक्यता नाही. कर बसवणाऱ्याला याहून सोयीची वस्तू कोणती मिळणार?

म्हणूनच कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मिठासाठी ‘लवणाध्यक्ष’ हा स्वतंत्र अधिकारी आहे आणि बाहेरून आलेल्या मिठाचा सहावा भाग राजाला द्यावा असा नियम आहे. त्याच ग्रंथात श्रोत्रिय, तपस्वी आणि वेठीचे मजूर यांना जेवणापुरते मीठ घेण्याची मुभाही दिलेली आहे. मीठ अडवणे म्हणजे माणसाचा घास अडवणे, याची जाणीव त्या काळीही होती असे त्यावरून दिसते. चीनमध्ये हान सम्राट वू याने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात मिठाचा मक्ता राज्याकडे घेतला आणि लढायांचा खर्च भागवला. फ्रान्समधील ‘गाबेल’ नावाचा मिठावरचा कर राज्यक्रांतीआधीच्या रोषाचे एक कारण ठरला. रोमन सैनिकांना पगार मिठात मिळत असे, ही नेहमी सांगितली जाणारी गोष्ट मात्र जपून घ्यावी. लॅटिनमधील पगाराच्या शब्दाचे मूळ मिठाच्या शब्दात आहे हे खरे, पण सैनिकांच्या हातावर मीठ ठेवले जात असल्याचा पुरावा नाही.

जकातीचा उलटा उपयोगही करता येतो, आणि त्याचे आपल्याकडचे उत्तम उदाहरण १६७१ सालचे आहे. पोर्तुगिजांच्या ताब्यातील बारदेशचे मीठ स्वस्त पडते म्हणून व्यापारी तिकडे वळू लागले आणि संगमेश्वराकडच्या मिठाचा उठाव कमी झाला. तेव्हा शिवाजी महाराजांनी कुडाळचा सुभा पाहणाऱ्या नरहरी आनंदराव यांना पत्र लिहून बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवण्याची आज्ञा केली. बाहेरचे मीठ महाग पडले की व्यापारी पुन्हा आपल्या बंदरांकडे येतील, हा त्यामागचा हिशेब होता. स्वदेशी उत्पादकाला संरक्षण देणारी जकात आणि खाणाऱ्याला पिळून काढणारी जकात यांतला फरक त्या पत्रात अगदी स्वच्छ दिसतो.

दुसऱ्या प्रकारच्या जकातीचा कळस इंग्रजांनी गाठला. बंगाल इलाख्यात मिठावरचा कर जबर होता आणि राजपुतान्यातील सांभर सरोवराचे किंवा पश्चिम किनाऱ्याचे मीठ त्या मानाने स्वस्त होते. स्वस्त मीठ महाग प्रदेशात शिरू नये म्हणून सिंधू नदीपासून ओडिशापर्यंत, आग्रा, झाशी, होशंगाबाद, खांडवा, चंद्रपूर, रायपूर अशी सुमारे २,३०० मैलांची जकातीची सरहद्द आखण्यात आली. तिच्या बऱ्याच भागावर बाभूळ, बोर, करवंद आणि निवडुंग यांचे उंच, दाट, जिवंत कुंपण वाढवण्यात आले, तर जिथे झाड धरेना तिथे वाळक्या काट्यांची किंवा दगडांची भिंत रचली गेली. १८७० च्या दशकात या कुंपणावर सुमारे १२,००० माणसे तैनात होती. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ए. ओ. ह्यूम हे काही वर्षे या खात्याचे प्रमुख होते आणि कुंपण घनदाट करण्यात त्यांचा मोठा वाटा होता, हा इतिहासाचा एक तिरकस विनोदच म्हणायचा. अखेर इंग्रजांनी सांभर सरोवर भाडेपट्ट्याने घेतले, निरनिराळ्या प्रांतांतले दर जवळ आणले आणि १८७९ मध्ये ही सरहद्द मोडीत काढली. कुंपण गेले, कर राहिला, कारण आता मीठ जिथे पिकते तिथेच तो वसूल करता येऊ लागला होता.

१८८८ मध्ये हा कर मणामागे अडीच रुपये झाला. मण म्हणजे सुमारे ३७ किलो. गोपाळ कृष्ण गोखले यांनी २६ मार्च १९०२ रोजी केंद्रीय कायदेमंडळातील आपल्या पहिल्याच अर्थसंकल्पीय भाषणात हा कर कमी करण्याची मागणी आकडेवारीनिशी केली. सरकारी तिजोरीत शिल्लक पडत असताना गरिबाच्या मिठावर कर कशासाठी, हा त्यांचा रोख होता. १९०३ ते १९०७ या काळात दर टप्प्याटप्प्याने एका रुपयावर आला, पहिल्या महायुद्धात तो पुन्हा वाढला आणि १९२३ मध्ये तर व्हाइसरॉयने कायदेमंडळाचा विरोध डावलून तो वर्षभरापुरता दुप्पट केला.

या पार्श्वभूमीवर गांधीजींनी १९३० मध्ये मीठच का निवडले, याचे कोडे उरत नाही. जमीनमहसुलाविरुद्ध लढा उभारला असता तर जमीन नसलेले बाजूला राहिले असते, परदेशी कापडाच्या बहिष्कारात अंगभर कापड नसलेले राहिले असते. मीठ मात्र प्रत्येक चुलीपाशी होते. १२ मार्चला ७८ सहकाऱ्यांसह साबरमतीहून निघून, सुमारे ३८५ किलोमीटर चालून त्यांनी ६ एप्रिलला दांडीच्या किनाऱ्यावर मूठभर मीठ उचलले. मे महिन्यात कोकणातील शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. मुंबईत वडाळ्याच्या आगरांवर पुन्हा पुन्हा धाडी पडल्या आणि १ जूनच्या धाडीत सुमारे १५,००० लोक होते. २१ मे रोजी धारासणा येथे सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखाली गेलेल्या स्वयंसेवकांच्या रांगा हात न उगारता लाठ्या खात पुढे जात राहिल्या आणि ती बातमी अमेरिकन वार्ताहर वेब मिलर यांच्यामुळे जगभर पोहोचली. मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात मिठाच्या जागेजवळ राहणाऱ्यांना घरच्या गरजेपुरते मीठ करण्याची सवलत मिळाली, पण कर पूर्णपणे रद्द व्हायला १९४७ साल उजाडावे लागले.

ज्या गुणामुळे मीठ कर वसूल करणाऱ्यांच्या डोळ्यांत भरले, तोच गुण स्वतंत्र भारतात डॉक्टरांच्या उपयोगी पडला. डोंगराळ भागांतील माती पावसाने आणि बर्फाने धुऊन जाते, तिच्यातले आयोडीन नाहीसे होते आणि तिथल्या लोकांना गलगंड होतो. त्याहून वाईट म्हणजे गरोदरपणात आईला आयोडीन कमी पडले तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून काही भागांत आयोडीनयुक्त आणि एका भागात साधे मीठ पुरवून पाहिले. आयोडीन मिळालेल्या भागांत गलगंड झपाट्याने कमी झाला. माणसाला रोज लागणारे आयोडीन असते अवघे १५० मायक्रोग्रॅम, आणि ते गरीब-श्रीमंत सगळ्यांच्या पोटात, रोज, जवळपास सारख्या प्रमाणात पोहोचवणारे वाहन मिठाखेरीज दुसरे नव्हते. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि खाण्यासाठी आयोडीनरहित मीठ विकण्यावरची बंदी मधल्या काळात उठून २००६ मध्ये पुन्हा लागू झाली. मीठ घरी पोहोचेपर्यंत त्यात दर किलोला किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावे असा दंडक आहे. सैंधव किंवा गुलाबी मीठ ‘नैसर्गिक’ म्हणून चढ्या भावाने घेणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की तेही ९५ टक्क्यांहून अधिक सोडियम क्लोराइडच असते. त्यातल्या इतर खनिजांचे प्रमाण नगण्य असते आणि मुद्दाम घातलेले नसेल तर आयोडीनही नसते. उपवासाला ते खावे, पण रोजच्या मिठाच्या जागी त्याला बसवण्याचे कारण नाही.

आता रक्तदाबाकडे. रात्रीच्या जेवणात पापड, लोणचे आणि वर चिवडा झाला की मध्यरात्री तहान लागून जाग येते. रक्तातले सोडियम वाढल्याची ती वर्दी असते. आपण पाणी पितो, शरीर मूत्रावाटे जाणारे पाणी रोखून धरते आणि नळ्यांच्या त्याच जाळ्यात अधिक द्रव खेळू लागल्याने दाब वाढतो. निरोगी मूत्रपिंड एक-दोन दिवसांत जादा मीठ बाहेर टाकून हिशेब मिटवते. पण रोजच जादा मीठ आले तर रोखून धरण्यासाठी घडलेल्या या यंत्राला उलटे काम सतत करावे लागते, वाढलेला दाब कायमचा होऊन बसतो आणि रक्तवाहिन्या ताठर होतात. मिठाचा असा परिणाम सर्वांवर सारखा होत नाही, आणि वय, मूत्रपिंडाचे आजार व आनुवंशिकता यांनी तो वाढतो. ‘आमचे आजोबा ठेचा-भाकरीवर नव्वद वर्षे जगले’ हे खरे असू शकते, पण त्यावरून नातवाविषयी काही सिद्ध होत नाही. याच्या दुसऱ्या टोकाला अॅमेझॉनच्या जंगलातील यानोमामी लोक आहेत, ज्यांच्या आहारात वरून घातलेले मीठ जवळपास नव्हतेच. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरसॉल्ट’ या ५२ ठिकाणच्या पाहणीत त्यांचा सरासरी रक्तदाब ९५/६१ च्या आसपास आढळला.

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असा आहे. भारतात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत हा आकडा सरासरी ८ ग्रॅम निघाला. पाश्चात्त्य देशांत बरेचसे मीठ कारखान्यात तयार झालेल्या अन्नातून येते, आपल्याकडे मात्र मोठा वाटा घरच्या स्वयंपाकाचाच आहे, म्हणजे सूत्रे आपल्याच हातात आहेत. मीठ हळूहळू कमी केले तर काही आठवड्यांत जिभेला त्याची सवय होते आणि पूर्वीची आमटी खारट लागू लागते. सोडियमचा काही भाग पोटॅशियमने बदललेले मीठ हाही एक मार्ग आहे. चीनमधील ६०० गावांत सुमारे २१,००० जणांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा मिठाने पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. मात्र मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि काही रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, कारण त्यांच्या रक्तात पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत साठू शकते. तसेच उन्हात अंगमेहनत करणाऱ्यांनी किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या वृद्धांनी स्वतःच्या मनाने मीठ बंद करणेही घातक ठरते. सोडियम फार उतरले की गुंगी, गोंधळलेपणा आणि झटके येतात.

आपण किती मीठ खातो, हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. किलोचा नवा पुडा फोडताना त्यावर तारीख लिहायची आणि तो संपला की दिवस मोजायचे. चार माणसांच्या घरात माणशी ५ ग्रॅम धरले तर एक पुडा ५० दिवस पुरायला हवा, महिन्याभरात संपला तर माणशी ८ ग्रॅमांच्या वर गेले असे समजायचे. बाहेरची भेळ, फरसाण, पाव आणि विकतचे पापड यांतले मीठ या हिशेबात येत नाही, उलट भांड्यात उरून वाया गेलेले मीठ येते, तेव्हा आकडा ढोबळच राहील. आमच्या चौघांच्या घरात तारीख लिहिलेला पहिला पुडा २७ दिवसांत संपला, म्हणजे माणशी ९ ग्रॅमांहून अधिक. त्या महिन्यात कैरीचे लोणचे घातले होते, अशी सबब लगेच पुढे आली, पण ते लोणचे खाणारेही आम्हीच चौघे होतो.